आक्काच्या घरचा पाहुणा

बारामतीहून इंदापूरला जावयाचे म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. पन्नासएक किलोमीटरचा रस्ता. परंतु दर भाऊबीजेला मी तो करतो तेव्हा साडीचा पुडा, चकल्यांचा डबा आणि आधुनिक करमणुकीबद्दलची माझी तक्रार अशा तीन वस्तू बरोबर घेतो. पहिल्या दोन आक्काकडे ठेवून येतो. तिसरी तशीच परत आणतो.

गेल्या भाऊबीजेला ही तक्रार नेहमीपेक्षा अंमळ जड होती. आदल्याच दिवशी आमच्या गल्लीत एक बारसे झाले. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच असे ध्वनिवर्धक रचले होते. खिडक्यांची तावदाने थरथरत होती. बाळाच्या कानांत कापूस, आजीच्या कानांत कापूस, आणि आत्या काय कुजबुजली ते तिचे तिलाच ठाऊक! मुलाचे नाव काय ठेवले हे आम्हां शेजाऱ्यांना तिसऱ्या दिवशी पेढे आले तेव्हा कळले.

वाचकहो, हे ज्या गावात घडले त्याच गावात कऱ्हेच्या काठी मोरोपंतांनी आपले बहुतेक आयुष्य घालविले. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने ते बारामतीस राहिले आणि 1794 साली येथेच निवर्तले. त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या. लावणीकार राम जोशीही पुढे कीर्तनाकडे वळला आणि त्या आर्यांवर रंगू लागला असे सांगतात. करमणूक तेव्हाही होती. फक्त ती ऐकताना शेजारचा काय म्हणतो तेही ऐकू येई, असे मी बारशाच्या दिवशी सौभाग्यवतींना ओरडून सांगितले. त्यांना ते ऐकू गेले नाही.

सकाळच्या एस. टी.त खिडकीची जागा मिळाली. गाडीत पन्नास माणसे आणि तीसेक मोबाइल होते. पुढच्या बाकावर कुणी विनोद ऐकत होते, मागच्यावर भजन, आणि माझ्या शेजारचा तरुण एकाच गाण्याचे पहिले अर्धे मिनिट सारखे वाजवीत होता. मी आपला बाहेर पाहात बसलो.

हा रस्ता पाहण्यासारखा आहे. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. काटेवाडीला परीट मंडळी पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धावते. बेलवाडीला गोल रिंगणात अश्व दौडतात. दिवाळीत यातले काही नसते. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस दुतर्फा उभा असतो, भवानीनगरच्या कारखान्याजवळ गळिताची लगबग दिसते, निमगाव केतकीचे पानमळे मागे पडतात, आणि मग शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांच्या जहागिरीचे इंदापूर येते.

आक्का माझ्याहून दहा वर्षांनी थोरली. भाऊजी जाऊन नऊ वर्षे झाली. एकुलता एक मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत. तिचे घर शोधावे लागत नाही. कोपऱ्यावरूनच टेलिव्हिजन ऐकू येतो. मी दारात उभा राहिलो तेव्हा ती मान न वळवताच म्हणाली, "आलास का रे? टेक जरा. एवढं संपू दे."

पडद्यावर एक सासू एका सुनेकडे टक लावून पाहात होती. सून सासूकडे पाहात होती. मी चपला काढल्या, पाय धुतले, पाणी प्यालो. त्या दोघी अजून पाहातच होत्या.

ओवाळण्याची वेळ झाली तेव्हा भाच्याचा फोन आला. तिकडे मध्यरात्र उलटली होती, पण मामाची भाऊबीज त्याला चुकवायची नव्हती. शेजारच्या मुलाने मोबाइल धरला. आक्काने कुंकू लावले, अक्षता लावल्या, निरांजन फिरविले. मी तबकात पाकीट घातले. इतक्यात अमेरिकेतून हुकूम आला, "मामा, चित्र मधेच थांबलं. पुन्हा एकदा!" मी पाकीट उचलून खिशात घातले. पुन्हा कुंकू. या खेपेस उजेड कमी पडला. तिसऱ्या खेपेस पंखा बंद करायला कुणी तरी विसरले आणि निरांजन विझले. चौथ्या खेपेस माझ्या कपाळी कुंकवाचा असा थर बसला होता की, आरशात पाहून मला स्वतःलाच नमस्कार करावासा वाटला.

जेवण झाले. तो टेलिव्हिजन पुन्हा गर्जू लागला, आणि मग माझ्याने राहवेना. म्हणालो, "आक्का, वर्षातून एकदा भाऊ येतो. तेवढा वेळ तरी ते खोकं बंद ठेव की!"

आक्का रागावली नाही. तिने बटण दाबून आवाज तेवढा बंद केला आणि म्हणाली, "तू वर्षातून एकदा येतोस, बाळ. हे रोज सातला येतं. एखाद दिवशी माझं चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी परत येतं. तुझं आहे का तसं?"

मी सुपारी कातरू लागलो.

मला तिचे पहिले सासर आठवले. पळसदेवाच्या बाजूला, भीमेच्या काठी त्यांचा वाडा होता. मी शाळकरी पोर असताना भाऊबीजेला तिथे जाई. रात्री ओट्यावर आळीतल्या आठ-दहा बायका जमत. कुणी जात्यावरची ओवी म्हणे, कुणी सासूची नक्कल करी, आणि हसता हसता कंदिलाचे तेल संपून जाई. पुढे उजनीचे धरण झाले. 1980 च्या सुमारास तो वाडा, तो ओटा, ती आळी, सारे पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की, पळसनाथाचे जुने देऊळ वर येते. बायका मात्र पांगल्या त्या पांगल्याच. धरणाने ऊस दिला, वीज दिली, दूरदूरचे पक्षी आणले. शेजार देणे काही त्याच्या हाती नव्हते.

चारची गाडी मी जाऊ दिली. "उद्या जातो," म्हटल्यावर आक्का काही बोलली नाही. आत जाऊन तिने मुगाची डाळ भिजत घातली.

सातला ती मालिका लागली. कोण कुणाची सवत, कोण मेलेला परत आला, हे आक्काने मला समजावून दिले. जाहिराती लागल्या की, ती आवाज बंद करी आणि आम्ही बोलत असू. खरे सांगावयाचे तर आमची भाऊबीज त्या जाहिरातींत झाली. पहिल्या जाहिरातीत गुडघ्यांचे झाले, दुसरीत भाऊजींचे. तिसऱ्या जाहिरातीत ती सहज म्हणाली, "श्रावणात मी न्हाणीत पडले होते. रात्रभर उठता येईना."

"अगं, मग कळवलं का नाहीस?"

"कळवून काय, तू घाबरला असतास. सकाळी शेजारीण आली की. म्हणाली, आज टीव्हीचा आवाज नाही, म्हणून बघायला आले."

मालिका पुन्हा सुरू झाली. आक्काने आवाज वाढविला. त्या दिवशी पडद्यावर काय घडले ते मला सांगता यावयाचे नाही.

आमच्या आजीची आठवण झाली. मी तिसरीत असताना वडिलांनी रेडिओ आणला. पुणे केंद्र 1953 साली सुरू झालेले. संध्याकाळी सारे घर त्या पेटीसमोर बसे. आजी दिंडी दरवाजाशी बसून पुटपुटे, "या खोक्यानं घरची माणसं मुकी केली!" आम्ही पोरे तिला हसत असू. तिच्याशी मात्र कुणी जाऊन बोलत नसे. तिची तक्रार मी पुढे आयुष्यभर वापरली. दिंडी दरवाजाशी ती एकटी का बसे, हा प्रश्न मला सत्तरी उलटल्यावर आक्काच्या घरी पडला.

या गोष्टीला वर्ष होत आले. आधुनिक करमणुकीविषयी माझे मत बदललेले नाही. बारशात ध्वनिवर्धक नसावेत, ओवाळणी एकदाच असावी, हे मी आजही बजावून सांगेन. मात्र दर महिन्याला मी एकदा इंदापूरला जाऊन राहतो, आणि रोज साडेसातला आक्काला फोन लावून मालिकेत पुढे काय झाले ते विचारतो. सौभाग्यवती हसतात. हसोत बापड्या.

आक्का फोन उचलते तेव्हा मागे तो टेलिव्हिजन कोकलत असतो. पूर्वी त्या आवाजाने माझे डोके उठे. आता तो कानी पडला की, मी स्वस्थपणे पानावर जाऊन बसतो.