दोन गाड्यांमधले अशोका गार्डन

भोपाळच्या रेल्वे स्थानकापासून आमचे अशोका गार्डन फारसे दूर नाही. दिवसा 80 फूट रस्त्यावरील वर्दळीत गाड्यांच्या शिट्ट्या विरून जातात. रात्री वस्ती निजली म्हणजे त्या आमच्या गच्चीवर स्पष्ट ऐकू येतात. शिट्टी ऐकली की ही गाडी कोठली असेल, याचा अंदाज बांधण्याचा चाळा परप्रांतातील मराठी माणसास असतोच. कर्नाटक एक्सप्रेस येथून भुसावळ, मनमाड, दौंड करीत सोलापूरकडे जाते. त्या मार्गावर करमाळा तालुक्यातील जेऊर लागते. तेलंगणा एक्सप्रेस नागपूरवरून हैदराबाद गाठते. 'सैराट' हा चित्रपट पाहिल्यापासून या दोन गाड्या आम्हांस निराळ्याच वाटू लागल्या आहेत. कारण त्या कथेचा आरंभ एका वाटेवर आहे आणि शेवट दुसरीच्या टोकाशी.

दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे. 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचा पूर्वार्ध त्यांनी आपल्याच करमाळा परिसरात चित्रित केला आणि नटही त्याच मातीतले निवडले. अकलूजची रिंकू राजगुरू तेव्हा शाळेत शिकत होती. आकाश ठोसर कुस्तीच्या आखाड्यातला. रिंकूच्या अभिनयाची 63व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली आणि चित्रपट बर्लिनच्या महोत्सवातही दाखविला गेला. अजय-अतुल यांच्या संगीताने तर भाषेची वेस ओलांडली. 'झिंगाट'चा एकही शब्द न कळणारी आमच्या गल्लीतील मुलेदेखील त्यावर मनसोक्त नाचली.

परंतु गाणी संपतात, आणि आमच्यासारख्यांची गोष्ट तेथूनच सुरू होते. पाटलाची आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला परश्या घर सोडून हैदराबादेस येतात. भाषा अनोळखी, खोली झोपडपट्टीतली. तो डोशाच्या गाडीवर राबतो, ती कारखान्यात जाते आणि हळूहळू तेलुगू बोलू लागते. परक्या शहरात मराठी बोलणारी एक बाई आधार देते, तेवढाच काय तो गणगोत. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी परमुलखात संसार मांडले ते याहून फार वेगळे नसावेत. फरक इतकाच की, त्यांच्या पाठीशी घरची पत्रे होती.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही हा चित्रपट घरी पुन्हा पाहिला. अखेरचे ते नि:शब्द दृश्य सरल्यावर कोणी बोलेना. मग आमची कन्या म्हणाली, "बाबा, आर्चीनं आईला फोन केला नसता तर दोघं वाचली असती, नाही?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. लेकीने आईस केलेला फोन हा अपराध ठरावा, अशी ती घरे कोणती? आणि तेवीस वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी आठवली. नववीतील एका मुलीच्या वहीत ती आम्हांस सापडली होती. एका मुलाने लिहिलेली, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली, अगदी निष्पाप. आम्ही कर्तव्य समजून ती मुलीच्या वडिलांच्या हाती दिली. मुलाची जात त्यांनी आम्हांस विचारली आणि आम्ही ती सांगितलीही. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी शाळेत आली नाही. वर्ष सरण्यापूर्वीच तिचे लग्न लावून दिल्याचे कळले. गणितात ती वर्गात पहिली होती.

आपण परप्रांतातील मराठी मंडळी भाषा जपतो, सण जपतो, पुरणपोळी जपतो. ते योग्यच आहे. मात्र त्याच गाठोड्यात जातही बांधून आणली आणि तिलाच संस्कार म्हणत आलो. मराठी राखणे वेगळे आणि जात राखणे वेगळे, हे आम्हां एम. ए. झालेल्या मास्तरास एका चित्रपटाने उशिरा शिकविले.

त्या रात्री आम्ही कन्येस एवढेच म्हणालो, "तू कोठेही अस, कोणाबरोबरही अस, या घरी फोन करायला कधी भिऊ नकोस." सौभाग्यवतींनी मान डोलावली. कन्या हसली, पण आमच्याकडे जरा निरखून पाहत राहिली. कदाचित काही सांगायचे असेल. आम्ही विचारले नाही. सांगेल तेव्हा ऐकू.

दूर स्थानकावर शिट्टी झाली. सोलापूरची की हैदराबादची, ते या वेळी ओळखता आले नाही.