पाऊणकीचा पाढा

हर्णैला आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला किल्ली द्यायचं कुणाच्या लक्षात राहत नसे. आजीचा कारभार तिथीवर चाले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. "पोरांनो, आज तिथ कंची?" असं तिनं ओट्यावरून विचारलं की आम्ही चुलत-आत्ये भावंडं बोटांवर हिशेब करायचो. पाऊणकी येत नाही असं पोर आमच्यात नव्हतं. बाकीच्या पाढ्यांबद्दल न बोललेलं बरं.

भरती-ओहोटीवर सगळंच अडायचं, कारण होड्या थेट काठाला लागत नसत. त्या दूर नांगरायच्या, आणि मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात शिरायच्या. पोटापर्यंत पाण्यात शांत उभे राहणारे ते बैल बघायला शहरातले पाहुणे गर्दी करत. आम्हाला त्यात काहीच विशेष वाटत नसे. संध्याकाळी वाळूवर लिलाव सुरू झाला की खरी मजा. सुरमई, पापलेट, कोळंबी, बांगडे यांचे ढीग पडत आणि भाव पुकारले जात. बाबा-काका दर्यावरून आले की जेवून आडवे व्हायचे. माल विकणं, उधारी लक्षात ठेवणं, कुणाला पुढे द्यायचं आणि कुणाला नाही, हे सगळं आजी, आई आणि काकूंकडे. आमची फी, वह्या, शिमग्याचे कपडे त्यांच्याच कनवटीतून निघाले. कोळ्याचं घर दर्या चालवतो म्हणतात. आमचं तरी बायकांनी चालवलं.

समोरचा सुवर्णदुर्ग शाळेच्या पुस्तकात आंग्र्यांचा होता, 1755 साली इंग्रजांनी घेतलेला. घरात मात्र तो घराकडे वळायची खूण. मुंबईची आगबोट यायची तेव्हा माणसं भर समुद्रात पडावात उतरत. शहरातल्या आत्याची ट्रंक एकदा उतरवताना ओली झाली, ते रामायण ती आजही ऐकवते.

सुती जाळी आम्ही पाहिली ती अखेरची. सालीच्या काढ्यात ती बुडवून काढायची, रोज वाळवायची, तरी कुजायचीच. अंगणभर तिचा तुरट वास. मग नायलॉन आलं, शिडांच्या जागी इंजिनं आली. पुरुषांचे श्रम हलके झाले. सुकट वाळवणाऱ्या बायकांचे तितकेच राहिले. पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, आणि घरात सोड्यांची आमटी. नारळी पुनवेला नारळ वाहिला की पुन्हा दर्या.

आता जून-जुलैची बंदी कायद्यानं येते. 2017 साली केंद्रानं एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली, तरी रात्री दूरवर उजेड दिसला की चुलतभाऊ अजून शिव्या घालतो. 2020च्या निसर्ग वादळानं घराचे पत्रे नेले आणि मागची माडाची रांग आडवी केली.

आमची मुलं मुंबई-पुण्याला. त्यामुळे होडीवर खलाशी नेपाळचे आहेत. आयुष्यात समुद्र न पाहिलेली ही पोरं पहिल्या आठवड्यात ओकून बेजार होतात, दुसऱ्या हंगामात मात्र वहिनीकडे सुकटीची चटणी मागून घेतात. आणि भांडतात तेही आमच्याच कोळी बोलीत.