दुब्रोवनिक : समुद्रकांठची एक चिमुकली गणसत्ता

इटली आणि बाल्कन द्वीपकल्प यांच्या मध्यें जो चिंचोळा समुद्र उत्तरेस थेट व्हेनिसपर्यंत शिरला आहे, त्यास एड्रिआटिक समुद्र म्हणतात. त्याच्या पूर्व किनाऱ्याचें जुनें नांव डाल्मेशिया. शेक्सपिअरच्या नाटकामुळें व्हेनिस शहर आपल्या सुशिक्षित घरांतून परिचयाचें झालें आहे. परंतु त्याच समुद्राच्या दुसऱ्या कांठीं एक लहानसें शहर आहे, आणि त्यानें १३५८ पासून १८०८ पर्यंत, म्हणजे साडेचारशें वर्षें, बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्यें बसून आपला कारभार आपणच केला, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. या शहराचें जुनें नांव रागुझा. आजचें नांव दुब्रोवनिक. हल्लीं तें क्रोएशिया देशांत मोडतें. तेथें चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला, त्या वेळीं जें पाहिलें व ऐकलें, त्यांतील निवडक भाग वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्ही उत्तरेकडून, स्प्लिट शहराहून, मोटारीनें आलों. उजव्या हातास निळा, स्थिर समुद्र आणि डाव्या हातास चुनखडीचे पांढुरके, उघडे डोंगर, अशी ती वाट आहे. वाटेंत पेलेशाट्सचा मोठा पूल लागतो. तो २०२२ सालीं खुला झाला. त्यापूर्वीं क्रोएशियाच्या इतर भागांतून खुष्कीनें दुब्रोवनिकला जाणारास आपल्याच देशांतून आपल्याच देशांत जातांना दोन सरहद्दी ओलांडाव्या लागत. कारण मध्यें नेउम नांवाच्या गांवाजवळ सुमारें वीस किलोमीटर किनारा बोस्निआचा आहे. या विचित्र नकाशाचें मूळ १६९९ सालच्या कार्लोविट्सच्या तहांत आहे. व्हेनिसची हद्द आपल्या हद्दीस भिडली, तर आज ना उद्यां तें आपणांस गिळील, हें रागुझानें ओळखलें होतें. म्हणून त्या तहाच्या वेळीं आपल्या राज्याच्या दोन्ही टोकांस थोडी थोडी जमीन त्यानें तुर्कांच्या ताब्यांत जाऊं दिली. भांडखोर भाऊबंदाच्या भिंतीला भिंत लावून राहण्यापेक्षां मध्यें तिऱ्हाइताची बोळ असलेली बरी, असा हा हिशेब. रागुझाचें राज्य गेलें, व्हेनिसचें गेलें, तुर्कांचेंहि गेलें. ती बोळ मात्र अजून नकाशावर आहे.

शहराजवळ येतांच प्रथम दृष्टीस पडतो तो त्याचा तट. त्याची लांबी सुमारें १,९४० मीटर, म्हणजे जवळजवळ सव्वा मैल भरते. कांहीं ठिकाणीं तो पंचवीस मीटर उंच आहे, आणि जमिनीकडील बाजूस त्याची जाडी चार ते सहा मीटर आहे. सर्वांत उंच जागीं मिन्चेटा नांवाचा वाटोळा बुरूज १४६४ सालीं पुरा झाला. सबंध तटावरून चालत फेरी करतां येते. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कौलारू छपरांची दाटी पाहत आम्ही दोन तासांत ती पुरी केली. आमच्या मनांत त्या वेळीं विजयदुर्ग व सिंधुदुर्ग यांची आठवण आल्यावांचून राहिली नाहीं; परंतु आपल्या त्या दुर्गांत आज शिबंदी नाहीं व बाजारहि नाहीं. येथें तटाच्या आंत माणसें राहतात, वळणीं घालतात, मांजरांना दूध देतात.

पश्चिमेच्या वेशींतून आंत शिरलें, म्हणजे लगेच एक मोठें घुमटाकार कारंजें लागतें. ओनोफ्रिओ या इटालियन स्थापत्यकारानें तें १४३८ च्या सुमारास बांधलें. सुमारें बारा किलोमीटरांवरील झऱ्याचें पाणी नळानें शहरांत आणून या कारंज्याच्या सोळा मुखांतून सोडलें होतें. आजहि प्रवासी तेथें आपल्या बाटल्या भरून घेतात; आम्हींहि भरल्या. तेथून पुढें सुमारें तीनशें मीटर सरळ जाणारा मुख्य रस्ता, त्याचें नांव स्ट्रादुन. शतकानुशतकांच्या पावलांनीं त्यावरील चुनखडीची फरशी इतकी गुळगुळीत झाली आहे कीं, पाऊस पडून गेल्यावर तींत दिव्यांचीं प्रतिबिंबें दिसतात. पूर्वीं या जागीं समुद्राची एक अरुंद खाडी होती. एका बाजूच्या खडकावर लॅटिन भाषा बोलणारे लोक राहत आणि समोर डोंगराच्या पायथ्याशीं स्लाव लोकांची वस्ती होती. खाडी बुजवून दोन्ही वस्त्या एक झाल्या, त्यांचेंच हें शहर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचीं घरें एका साच्यांतून काढल्यासारखीं दिसतात, त्याला कारण आहे. ६ एप्रिल १६६७ रोजीं भयंकर भूकंप होऊन शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला व हजारों माणसें दगावलीं. पुन्हा बांधतांना सर्वांनीं एकाच नमुन्याचीं घरें बांधावीं, खालीं दुकान व वर बिऱ्हाड, असा दंडक घालण्यांत आला.

या राज्याचा कारभार कसा चाले, हें पाहण्यासाठीं आम्ही त्यांच्या मुख्याधिकाऱ्याच्या वाड्यांत गेलों. या अधिकाऱ्यास रेक्टर अथवा क्नेझ म्हणत. त्याची मुदत किती असावी? अवघा एक महिना! त्या महिन्यांत त्यानें बायकामुलांस घरीं ठेवून या वाड्यांत राहावयाचें आणि राज्याच्या कामाखेरीज बाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं. रात्रीं वेशीच्या किल्ल्या त्याच्या स्वाधीन असत. महासभेच्या दारावर लॅटिन भाषेंत लेख कोरलेला आहे. खाजगी गोष्टी विसरा आणि सार्वजनिक कामाकडे लक्ष द्या, असा त्याचा भाव आहे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस या योजनेंतील मर्म चटकन कळेल. कोठीच्या किल्ल्या फार दिवस एकाच कमरेला राहिल्या, म्हणजे काय होतें, हें आपल्याकडे निराळें सांगावयास नको.

हाच संशय त्यांनीं दगडांतहि बांधून ठेवला आहे. तटाबाहेर समुद्रांत घुसलेल्या एका कड्यावर लोव्रियेनाट्स नांवाचा किल्ला आहे. त्याच्या शत्रूकडील भिंती कांहीं ठिकाणीं बारा मीटरपर्यंत जाड आहेत. पण शहराकडे तोंड असलेली भिंत अवघी साठ सेंटिमीटर! किल्लेदारच फितूर होऊन शहरावर उलटला, तर ती भिंत तोफेच्या दोन गोळ्यांत खालीं यावी, हा हेतु. तथापि या राज्यास आजच्या अर्थानें लोकसत्ता म्हणतां येणार नाहीं. महासभेंत बसण्याचा अधिकार ठराविक उमराव घराण्यांतील पुरुषांनाच होता. कारागीर, खलाशी, शेतकरी यांना कारभारांत स्थान नव्हतें, आणि स्त्रियांना तर नव्हतेंच.

सैन्य थोडें असतां हें राज्य टिकलें कसें? याचें उत्तर म्हणजे खंडणी, व्यापार आणि वकिली. पंधराव्या शतकापासून हे लोक तुर्की सुलतानास खंडणी देत. ती पुढें वर्षास १२,५०० सोन्याचे डुकाट अशी ठरली. दर सालीं दोन वकील ती घेऊन इस्तंबूलला जात. मोबदल्यांत बाल्कन मुलखांत व्यापार करण्याच्या सवलती त्यांना मिळत. खंडणी हा शब्द मराठी माणसास नवा नाहीं. मात्र ती आपण बहुधा वसूल करणाराच्या बाजूनें वाचलेली असते. देणाराच्या बाजूनेंहि तींत केवढें शहाणपण असूं शकतें, हें येथें समजतें. यांच्या झेंड्यावर ‘स्वातंत्र्य’ या अर्थाचा लॅटिन शब्द असे, आणि हिशेबाच्या वहींत त्याच स्वातंत्र्याची किंमत दर वर्षीं खर्चीं पडत असे.

पैशाचा विनियोग कसा होई, तेंहि पाहण्यासारखें आहे. फ्रान्सिस्कन मठांत १३१७ सालीं औषधालय सुरू झालें. तें मठांत आजहि चालू आहे. १३७७ सालीं या शहरानें असा कायदा केला कीं, सांथीच्या मुलखांतून येणारानें शहरांत शिरण्यापूर्वीं एक महिना बाहेर, नेमून दिलेल्या जागीं, राहिलें पाहिजे. ‘क्वारंटाइन’ हा शब्द ज्या पद्धतीवरून आला, तिचा हा अगदीं आरंभींचा कायदा होय. पुढें इतरत्र तीस दिवसांचे चाळीस झाले. २०२० सालीं आपण सर्वजण दारें लावून घरांत बसलों, तेव्हां साडेसहाशें वर्षांपूर्वींच्या या कायद्याचेंच पालन करीत होतों. १४१६ सालीं त्यांनीं गुलामांच्या व्यापारास बंदी केली आणि १४३२ सालीं टाकलेल्या अर्भकांसाठीं अनाथालय काढलें. ज्या काळीं मोठमोठीं राज्यें केवळ फौजा वाढवीत होतीं, त्या काळीं एका गांवाएवढ्या राज्यानें हीं कामें केलीं, हें वाचून कोणाहि विचारी माणसास आदर वाटेल.

परंतु खंडणी घेणारा परवडतो. मित्र म्हणून आंत येणारा परवडत नाहीं. १८०६ च्या मे महिन्यांत नेपोलियनची फौज वेशींतून आंत आली, ती परत गेली नाहीं. १८०८ च्या जानेवारींत जनरल मार्मों यानें हुकूम काढून हें राज्य खालसा केलें. पुढें तें आस्ट्रियाकडे गेलें आणि पहिल्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियांत समाविष्ट झालें.

तटावर ज्यानें शतकें काढलीं, त्या शहरावर खरा तोफखाना चालला तो आमच्या हयातींत. युगोस्लाव्हिया मोडत असतां १ ऑक्टोबर १९९१ पासून युगोस्लाव सैन्यानें व त्याबरोबरच्या दलांनीं दुब्रोवनिकला वेढा घातला. ६ डिसेंबरच्या दिवशीं जुन्या शहरावर सर्वांत भयंकर मारा झाला. जागतिक वारशाच्या यादींत हें शहर १९७९ पासून होतें. तरीहि तटाआंतील ८२४ इमारतींपैकीं ५६३ इमारतींना गोळे लागले. कोणत्या घराचें काय झालें, हें दाखविणारा नकाशा वेशीजवळ लावलेला आहे.

गुंडुलिच चौकांत सकाळीं भाजीचा बाजार भरतो. तेथें सुकीं अंजिरें, साखरेंत मुरविलेल्या नारिंगाच्या सालीच्या फोडी आणि लव्हेंडरच्या फुलांच्या लहान पुरचुंड्या विकणारी एक वृद्ध बाई आमच्याशीं मोडक्या इंग्रजींत बोलली. “छपरें पाहिलींत ना? मळकट, पिवळसर कौलें जुनीं. लालभडक आहेत तीं लढाईनंतरचीं. माझ्या घरावर जुन्या कौलांची एकच ओळ राहिली आहे.” वेढ्याच्या दिवसांत वीज नव्हती आणि नळाला पाणी नव्हतें, तेव्हां अंगणांतल्या जुन्या टांक्यांतलें पाणी काढून शेजारीपाजारी वाटून घेत, असें तिनें सांगितलें. आम्हीं विचारिलें, “आतां शेजारी कोण आहेत?” ती हंसली व म्हणाली, “सुटकेसी!” वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर, समोर, सर्वत्र प्रवाशांना भाड्यानें दिलेल्या खोल्या. माणसें तीन दिवसांनीं बदलतात. तिनें अंजिरांचा वाटा कोणाकडे पाठवावा?

या एका प्रश्नानें आम्हांस तटावरील सर्व दृश्यापेक्षां अधिक विचार करावयास लाविलें. १९९१ सालीं तटाच्या आंत सुमारें पांच हजार माणसें राहत होतीं. आज ती संख्या दीड हजारांच्या आसपास आली आहे. उन्हाळ्यांत बंदराबाहेर मोठमोठ्या आगबोटी उभ्या राहतात. एका वेळीं दोनच बोटी व चार हजारच उतारू, अशी मर्यादा शहरानें २०१९ पासून घातली. भूकंपानें, फ्रेंचांनीं आणि तोफांनीं जें साधलें नाहीं, तें चांगल्या भाड्याच्या मोहानें साधतें कीं काय, अशी भीति तेथील जुन्या लोकांस वाटते. भाडें घेणाराला दोष देणेंहि सोपें नाहीं. मुलांचें शिक्षण, वडिलांचें औषधपाणी त्यांतूनच होतें. आपल्या कोंकणांतील व गोव्यांतील समुद्रकांठच्या घरांपुढेंहि हाच प्रश्न आज उभा आहे.

गोव्याचें नांव निघालें म्हणून सांगतों. दुब्रोवनिकचा संरक्षक संत ब्लेझ. त्याचा उत्सव दर वर्षीं ३ फेब्रुवारीस मोठ्या थाटानें होतो. याच संताचें, सां ब्राझ या पोर्तुगीज नांवाचें, चर्च जुन्या गोव्यापासून जवळ, गवंडाळी येथें आहे. सोळाव्या शतकांत रागुझाचे व्यापारी तेथें येऊन राहिले व त्यांनींच आपला संत बरोबर आणिला, असें परंपरा सांगते.

जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं दोन शब्द. जुलै-ऑगस्ट टाळावे. शाकाहारी मंडळींची अगदींच उपासमार होत नाहीं. ब्लित्वा नांवाची पालेभाजी बटाटे, लसूण व ऑलिव्हचें तेल घालून करतात, ती पोळीसारख्या मऊ पावाबरोबर आमच्या मंडळींस फार आवडली. रोझाता नांवाच्या गोड पदार्थांत अंडें असतें, हें आधीं विचारून घ्यावें. बोटीवरून उतरून चार तासांत परत फिरूं नये. रात्रीं तटाच्या आंत राहावें, पण कोणी गांवकरी स्वतः राहत असेल, अशा घरींच खोली घ्यावी. आणि सकाळीं गुंडुलिच चौकांत जाऊन अंजिरें अवश्य विकत घ्यावीं. तीं चांगलीं असतात, आणि विकणारी बाई अजून तेथें राहते.