बोरघाट आणि एक लहानशी नळी

मुंबईहून पुण्याला जाणारा जुना रस्ता कुणाला खंडाळ्याच्या धुक्यासाठी आवडतो, तर कुणाला लोणावळ्याच्या चिक्कीसाठी. जुनी मोटार बाळगणाऱ्याचा हिशेब मात्र निराळा. त्याच्या लेखी या रस्त्याचे भाग दोनच : खोपोलीपर्यंतची सपाटी आणि खोपोलीनंतरचा चढ. १८३० साली हा घाटरस्ता खुला झाला, तेव्हापासून बोरघाट येणाऱ्याजाणाऱ्याचा दम पाहत आला आहे.

गेल्या माघात पाळी होती आमच्या मेहुण्यांच्या अँबॅसडरची. गाडी मूळची सासऱ्यांची. ते गेल्यापासून ती ठेवावी की काढावी, यावर घरात रोज खल. अखेर वहिनींनी निकाल दिला, "घाट धड चढली तर राहील. नाहीतर भंगारवाल्याला निरोप धाडा!"

मेहुणे हौशी. अँबॅसडरचे १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले इंजिन १९५५ सालच्या एम. जी. ए. या इंग्रजी स्पोर्ट्स मोटारीत होते, आणि त्याला कार्बोरेटर होते दोन. मग आपल्या गाडीला एकच का? त्यांनी एका गॅरेजात जोडी बसवून घेतली. गाडी जोरात पळेल ही आशा. पण ती सपाटीवर पेट्रोल ढोसू लागली आणि चढावर इंजिन ठोके मारू लागले.

दादरच्या आमच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडले आणि एका बारीक नळीवर बोट ठेवले. कार्बोरेटरपासून डिस्ट्रिब्यूटरपर्यंत जाणारी ही नळी गॅरेजवाल्याने बूच मारून बंद केली होती.

"साहेब, लोकल खच्चून भरलेली असली की बातमी एका क्षणात डबाभर होते, चार माणसं लांबलांब बसली असली की वेळ लागतो. पेट्रोलच्या वाफेचं तसंच आहे. सपाटीला इंजिनात माल विरळ, तो सावकाश जळतो. म्हणून ठिणगी जरा आधी पडायला हवी. चढावर माल गच्च, भडका लगेच. तिथं ठिणगी आधी पडली की ठोका बसलाच!"

ही वेळ पाळते ती नळी. सपाटीवर कार्बोरेटरची झडप थोडीच उघडी असते. इंजिन हवा ओढू पाहते, ती पुरेशी मिळत नाही, आणि नळीत ओढ निर्माण होते. त्या ओढीने डिस्ट्रिब्यूटरमधला पडदा हलतो आणि ठिणगी लवकर पडते. चढावर पाय दाबला की झडप सताड उघडते, ओढ ओसरते आणि स्प्रिंग ठिणगीला मागे आणते. वेगाप्रमाणे ठिणगी पुढे नेणारी वजने डिस्ट्रिब्यूटरमध्ये वेगळी असतात. पण भार किती आहे, हे त्यांना कळत नाही. नळी बंद झाल्यावर सपाटीवरचा मंदपणा लपवण्यासाठी गॅरेजवाल्याने ठिणगीची मूळ वेळच पुढे सरकवली होती. त्याची किंमत चढावर मोजावी लागत होती.

"शर्यतीच्या गाड्यांना ही नळी नसते म्हणे!" मेहुण्यांनी शंका काढली.

"त्यांचा पाय सारखा दाबलेला असतो, साहेब. तुम्हाला पनवेलच्या बाजारातूनही जायचं आहे."

मिस्त्रींनी जोडीतल्या एका कार्बोरेटरला झडपेच्या कडेशी नळीचे तोंड करून घेतले, दोन्ही झडपा एकदम उघडतील अशा जुळवल्या आणि ठिणगीची वेळ पूर्ववत केली.

आम्ही निघालो. चौकपर्यंत गाडी अशी शांत, की मागे बसलेल्या वहिनींना डुलकी लागली. खोपोली सुटली. शिंग्रोबाच्या देवळाशी मेहुण्यांनी रिवाजाप्रमाणे नाणे वाहिले आणि दुसरा गीअर टाकला. पाय खाली, कान पुढे. इंजिन गुरगुरले, तापले. पण ठोका नाही. डावीकडची दरी खोल होत गेली. आमच्यापैकी कुणीच बोलेना.

खंडाळ्याचे वारे आत आले, तेव्हा वहिनी डोळे उघडून म्हणाल्या, "अहो, घाट कधी लागायचा?"

मेहुण्यांनी उत्तर दिले नाही. भंगारवाल्याला निरोप मात्र अजून गेलेला नाही.