खानदेशच्या आभाळातील तीन हेलिकॉप्टरे

खानदेशचे नाव काढले की पुण्या-मुंबईच्या माणसाला तीन गोष्टी आठवतात : केळी, भरीत आणि ऊन. कॅमेरा बरोबर असलाच तर तो अजिंठ्यासाठी. जळगावला गाडीतून उतरायचे, लेणी पाहायची आणि परतीची गाडी गाठायची, एवढाच आपला खानदेश. पण जळगाव-धुळ्याच्या बाजूला कॅमेऱ्याला आणखी एक शिकार क्वचित मिळते. ती जमिनीवर नसते, आभाळात असते. ती म्हणजे एका रचनेत उडणारी हेलिकॉप्टरे!

एकटे हेलिकॉप्टर आता कोणालाच नवे नाही. निवडणुका आल्या की ते तालुक्याच्या गावीही उतरते. तीन एकत्र उडताना दिसतात ती पंतप्रधानांच्या दौऱ्यात. मोठ्या विमानतळापासून दूरच्या सभेला जायचे असले की हवाई दलाची तीन एमआय-१७ हेलिकॉप्टरे बरोबर निघतात. एकात पंतप्रधान, बाकीची सोबतीला. कोणत्या हेलिकॉप्टरात कोण, हे खालच्या माणसाला कळत नाही, आणि कळू नये हाच त्यातला हेतू. पंतप्रधानांच्या सभा धुळ्याला १६ फेब्रुवारी २०१९ आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी झाल्या, जळगावला २५ ऑगस्ट २०२४ रोजी. अशी संधी वर्षानुवर्षांत एकदा येते, म्हणून तयारी आधी करावी लागते.

या तयारीसाठी जळगाव ते धुळे हा रस्ता धरावा. अंतर सुमारे ९० किलोमीटर. पाळधी मागे पडते, पांडववाड्याचे एरंडोल येते, मग भुईकोट किल्ल्याचे पारोळे. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी, आणि वर अडथळा नसलेले आभाळ. मुंबईत हेलिकॉप्टरचा आवाज येतो आणि ते इमारतीमागे दडते. इथे आवाज यायच्या आधीच क्षितिजावर तीन ठिपके दिसतात. शेतातला एखादा म्हातारा डोळ्यांवर हाताचे छप्पर धरून अहिराणीत म्हणतो, “तठे दखा, तीन शेतस!” तेवढ्यात झाकण काढून कॅमेरा डोळ्याला लागला पाहिजे. ताशी दोनशे किलोमीटरने येणारे यंत्र एका मिनिटात तीन किलोमीटरांहून अधिक अंतर तोडते. आपल्या वाट्याला चांगले असे अर्धे मिनिटच.

आता थोडे कॅमेऱ्याविषयी. विमानाचे चित्र घ्यायचे तर झडप जितकी झटपट मिटेल तितकी बरी. हेलिकॉप्टरचे तसे नाही. एमआय-१७ च्या डोक्यावरची पाच पाती मिनिटाला सुमारे १९२ फेरे घेतात. सेकंदाच्या हजाराव्या भागात पाते जेमतेम एक अंश सरकते. चित्रात ते जागच्या जागी थिजते आणि हेलिकॉप्टर दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखे दिसते. वेळ सेकंदाचा शंभरावा भाग ठेवला तर पाते अकरा अंश फिरते आणि चित्रात भिरभिर उतरते. मात्र मग कॅमेरा हेलिकॉप्टरच्या चालीने हळूहळू फिरवावा लागतो. इथे रचनेचा फायदा होतो : तिघांची गती एकच असल्याने हात एकाशी जुळला की तिघांशी जुळतो.

उभे कुठे राहावे, हेही महत्त्वाचे. अगदी बाजूने पाहिले तर तिन्ही एकमेकांवर चढलेली दिसतात. वाटेला तिरके उभे राहिले की त्रिकोण उलगडतो. हिवाळ्यात भुसावळजवळच्या हतनूर धरणावर बदकांचे थवे उतरतात. सराव तिथे फुकट होतो! काही मोठे पक्षी पुढच्याच्या पंखाने उचललेल्या हवेचा आधार मिळावा म्हणून तिरके उडतात. वैमानिक तिरका राहतो तो पुढाऱ्यावर नजर राहावी आणि त्याच्या पात्यांखालचा झोत अंगावर येऊ नये म्हणून.

धुळ्याच्या दक्षिणेला आग्रा रस्त्यावर लळिंगचा किल्ला आहे. सकाळी, ऊन तापण्याआधी, वर जाऊन बसावे. उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर जमिनीवरून अशी झळ उठते की दूरचे हेलिकॉप्टर पाण्यात पडल्यासारखे थरथरते. त्यावर कितीही महागडे भिंग उपयोगाचे नाही.

इथेच छायाचित्रकाराची खरी परीक्षा आहे. लांब पल्ल्याचे भिंग लावले तर तीन यंत्रे मोठी दिसतात, पण मग ती दिल्लीची की धुळ्याची, हे कोणी सांगावे? रुंद भिंग लावले तर यंत्रे कावळ्याएवढी होतात, पण खाली पांझरेचे पात्र येते, कपाशी येते, मान वर केलेली माणसे येतात. दोन्ही साधायला वेळ नसतो. आमचे मत विचाराल तर रुंद भिंग घ्यावे. यंत्राचे चित्र कारखान्याच्या माहितीपत्रकातही मिळेल. खांद्यावरच्या पोराला बोट दाखवणारा बाप तिथे मिळणार नाही.

ज्यांना एवढ्यावर समाधान नाही, त्यांनी धुळ्याहून सुमारे १६० किलोमीटरवर नाशिक गाठावे. तिथे गांधीनगरला भूदलाच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा २००३ पासून आहे. कॅप्टन अभिलाषा बराक भूदलाच्या हवाई शाखेतील पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या, त्या याच शाळेतून, २५ मे २०२२ रोजी. मुलींना घेऊन जाणाऱ्या आईबापांनी ही गोष्ट त्यांना जरूर सांगावी. मात्र लष्करी तळाच्या कुंपणापाशी कॅमेरा काढू नये, सभेच्या दिवशी पोलीस सांगतील तिथेच उभे राहावे आणि ड्रोन घरीच ठेवावा.

आणि हेलिकॉप्टरे आलीच नाहीत तर? तर पारोळ्याच्या किल्ल्याचे चित्र घ्यावे, एखाद्या खाणावळीत कळण्याची भाकरी आणि शेवभाजी मागवावी. खानदेशात पाहुणा रित्या हाताने परतला तरी रित्या पोटाने परतत नाही.