आत्याचा हौद

एप्रिलच्या शेवटी उज्जैनहून आतेभावाचा फोन आला. "सुट्टीत ये. घरामागे स्विमिंग पूल बांधतोय. मजूर नको, गवंडी नको, डब्यातून येतो. दोन घंट्यांचं काम आहे बस." दादाचं मराठी हे असंच. तीन पिढ्या माळव्यात काढलेल्या घरातलं, हिंदीच्या फोडणीचं. मला हसू आलं. आमच्या गोव्यात आसगाव-शिवोलीच्या बाजूला प्रत्येक नव्या व्हिलामागे एक निळा चौकोन असतोच. आता हे खूळ महाकालाच्या नगरीतही पोहोचलं म्हणायचं!

पण कारण ऐकल्यावर हसू ओसरलं. आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. गुडघे गेलेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाण्यात उभं राहून चाला, पाणी अंगाचा भार उचलतं. लग्न होऊन गोव्याहून गेली तेव्हापासून तिने क्षिप्रेवरचं पर्वणीचं स्नान चुकवलं नव्हतं. आता घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत. म्हणून दादाने ठरवलं, नदीच दारात आणायची.

मी पोहोचलो तेव्हा डबा उघडलेला होता. खाली अंथरायचं कापड, जाड प्लास्टिकचं निळं अस्तर, लोखंडी नळ्या, खिट्ट्या, कागदी गाळणीचा छोटा पंप आणि वर घालायचं झाकण. व्यास बारा फूट, उंची अडीच फूट. नळ्या एकमेकींत घालून वर कडं करायचं, त्याला पाय लावायचे, अस्तर ओवायचं. आधी दोन इंच पाणी सोडून पायांनी सुरकुत्या काढायच्या आणि मग भरत जायचं. पुतणीने चित्रं बघून निम्मं काम आम्हा दोघांच्या आधी उरकलं.

माहितीपत्रकात एकच गोष्ट ठळक अक्षरांत होती. जमीन सपाट आणि पक्की हवी. दादाने नजरेने बघितलं, "सपाट आहे रे," म्हणाला आणि दोन टँकर मागवले. आत्या ओट्यावर बसून सगळं पाहत होती. माझ्याकडे वळून हळूच कोंकणीत म्हणाली, "उदकाक वजन आसता रे, पुता."

तिचं बरोबर होतं. त्या हौदात साडेसहा हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे साडेसहा टन वजन! आणि खाली माळव्याची काळी माती. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीवर पाणी पडलं की मुरून जातं. काळी माती तशी नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, ओली झाली की फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. भरताना पाईप निसटून बरंच पाणी सांडलं होतं. रात्री एका बाजूचे दोन पाय मातीत रुतले. हौद कलला आणि सगळं पाणी त्या बाजूला धावलं. कडं वाकलं, अस्तर घसरलं. धप्प असा आवाज आला आणि आम्ही बाहेर येईपर्यंत पाणी कुंपणाखालून शेजाऱ्याच्या अंगणात, तिथून गल्लीत उतरलं होतं.

त्या दिवसांत वसाहतीत नळ एक दिवसाआड येत होता. सकाळी बायका बादल्या घेऊन बाहेर आल्या तेव्हा गल्लीत चिखल होता. कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तोंड लपवायला म्हणा, दादा मला कालियादेह महाल दाखवायला घेऊन गेला. शहराच्या उत्तरेला क्षिप्रेच्या काठी हा जुना महाल आहे. नदीचं पाणी दगडी पाटांतून खेळवत कुंडाकुंडांतून फिरवून पुन्हा नदीला मिळवायचं, अशी तिथली रचना. लोक त्याला बावन कुंडच म्हणतात. पडझडीनंतर १९२० मध्ये माधवराव शिंद्यांनी महालाची डागडुजी केली.

जहांगीर १६१७ मध्ये उज्जैनला आला होता. माळव्याच्या नासिरुद्दीन खिलजी सुलतानाबद्दल त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. सुलतानाच्या अंगात उष्णता फार, म्हणून तो सारखा पाण्यात राही. एकदा नशेत तो पाण्यात पडला. सेवकांनी केस धरून बाहेर काढलं. शुद्धीवर आल्यावर, आपल्या केसांना हात लावला म्हणून त्याने त्या सेवकाचे हात तोडायला लावले. पुढे पुन्हा पडला तेव्हा कोणी हात पुढे केला नाही आणि सुलतान बुडाला. खरंखोटं इतिहासकार ठरवोत. पण ही गोष्ट ऐकताना मला सकाळची मुकी गल्ली आठवत होती. स्वतःपुरतं पाणी करून बसलं की असं होतं. बुडताना सगळे काठावर उभे असतात.

गंमत म्हणजे त्याच बावन कुंडांत आज भुतडी अमावास्येला माळव्यातल्या खेड्यापाड्यांतून माणसं लोटतात. तिथे डुबकी मारली की अंगातली भूतबाधा जाते म्हणे! राजाने गारव्यासाठी खेळवलेलं पाणी, आणि आता त्यात कोण उतरतं पाहा.

परतताना महाकालाचं दर्शन घेतलं. मंदिराच्या आवारात कोटितीर्थ कुंड आहे. आपल्या लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. महाकालाच्या आजच्या मंदिराची उभारणी अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी केली. हे मंगेशाचे परमभक्त. १७३९ मध्ये मंगेशी गाव देवस्थानाला इनाम मिळाला तोही पेशव्यांकडे त्यांनीच घातलेल्या शब्दामुळे. १५६० मध्ये कुशस्थळीहून झुआरी ओलांडून आलेला देव आणि क्षिप्राकाठचा महाकाल यांना जोडणारा माणूस हा! मंगेशीची तळी आणि कोटितीर्थ, दोन्हीकडे पायऱ्या उतरत गेल्या की तेच हिरवट, शांत पाणी.

मी दादाला ऐकवायला सुरुवात केली, की पूर्वी पाणी कसं सगळ्यांचं असायचं, तळी काय, घाट काय... आत्याने रात्री जेवताना ते ऐकलं आणि मध्येच थांबवलं. "सगळ्यांचं कुठलं रे? आमच्या गावच्या तळीवर कोणी यायचं आणि कोणी लांब उभं राहायचं, ते मी पाहिलंय. मुलगे व्हाळात उड्या मारायचे. आम्ही मुली काठावर कपडे धूत."

मी गप्प झालो. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, हे शाळेत शिकलेलंच की. आणि मी स्वतः दोन असोले नारळ काखेत बांधून कोंडीत पोहायला शिकलो तेव्हा माझी बहीण कुठे होती? काठावर. माझे कपडे सांभाळत.

म्हणजे आवारातलं पाणी वाईट आणि गावातलं चांगलं, इतकं सोपं ते नाही. पाण्याच्या काठावर आपण कोणाला उभं ठेवतो, तो खरा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा कामाला लागलो. ह्या वेळी शेजारचे काका फावडं घेऊन आपणहून आले. बहुधा पुन्हा पाणी घरात नको म्हणून! दीड फूट काळी माती काढली, मुरूम भरला, पाणी मारून धुम्मस केली. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी धरतात तशी पातळी चार बाजूंनी मोजली. जी जागा नजरेला सपाट वाटली होती ती तब्बल तीन इंच उतरती निघाली. प्रत्येक पायाखाली फरशी बसवली, वाकलेल्या नळ्या लोहाराकडून सरळ करून आणल्या.

आत्याने अटी घातल्या. हौद हंगामात एकदाच भरायचा. क्लोरीन घालून, गाळणी धुऊन तेच पाणी टिकवायचं. रात्री झाकण हवंच. बारा फुटांच्या हौदातून एक सेंटीमीटर पाणी उडालं तरी शंभर लिटर गेलं. पाऊस लागला की क्लोरीन बंद करायचं आणि चार दिवसांनी ते पाणी गल्लीतल्या झाडांना घालायचं. आणि संध्याकाळी पाच ते सात गल्लीतली मुलं येतील. "मुली आधी," ती म्हणाली.

भरल्यावर रात्रभर आम्ही टॉर्च घेऊन पाय तपासत होतो. एकही हलला नाही.

सकाळी दादाने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून आत्याला शिडीवरून आत उतरवलं. नऊवारीचा काठ पाण्यावर तरंगला. ती एक पाऊल चालली, मग दुसरं. चेहऱ्यावरची दुखण्याची आठी जरा सैल झाली. मग ओंजळ भरून ती स्नानाचा श्लोक म्हणू लागली. त्यात गंगेपासून कावेरीपर्यंत सात नद्या आहेत, क्षिप्रा नाही. नर्मदा मात्र आहे. आणि २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी जोडप्रकल्पातून उचलून क्षिप्रेत सोडल्यापासून उज्जैनच्या घाटावर तिचंही पाणी येतं. आत्याने सात नद्या संपवल्या, पदरचं क्षिप्रेचं नाव जोडलं. जरा थांबली.

"आनी आमची झुआरी," म्हणाली, आणि ओंजळ सोडली.