चौघांचे तिकीट

सुटीत मुलांना घेऊन कुठे जावे, हा प्रश्न साहित्याच्या वाचकांपुढे मांडावा असा नाही, हे आम्ही जाणतो. तो वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांनी सोडवावा. पण या प्रश्नाच्या निमित्ताने आमच्या तोंडून एकदा एक शब्द निसटला आणि भाषा शिकवून पोट भरणाऱ्या आम्हां उभयतांना तो अजून पुरता गिळता आलेला नाही. म्हणून हे लिहितो.

गोष्ट २०१९ च्या मे महिन्यातली. आमच्यापैकी एकाची नोकरी तासिका तत्त्वावरची. उन्हाळ्यात कॉलेज बंद, म्हणजे तासिका बंद, म्हणजे मानधनही बंद. एरवी रविवारी मुलांना मॉलमध्ये फिरवून आणण्याची सवय आम्हांला जडली होती. तिथे आत जायला पैसे पडत नाहीत, बाहेर पडेपर्यंत मात्र पाकीट हलके झालेले असते. त्या मे महिन्यात ते परवडण्याजोगे नव्हते. मुले तेव्हा दहा आणि सात वर्षांची. त्यांना आम्ही गंभीर चेहऱ्याने सांगितले की यंदा आपण मुंबई पाहणार आहोत. खरे कारण थोरल्याला कळले असावे, कारण त्याने काहीच विचारले नाही.

आणि मुंबई खरोखरच पाहिली. बेस्टच्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेशी जागा मिळेपर्यंत दोन बस सोडून दिल्या. त्या जुन्या बस सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या तेव्हा आमच्या घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. मलबार हिलवर म्हातारीच्या बुटात चढलो. समोरच्या हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली शहराला पाणी पुरवणाऱ्या टाक्या आहेत हे ऐकल्यावर धाकटी बराच वेळ गवताला कान लावून पडून होती. माहीमच्या निसर्ग उद्यानात गेलो. तिथली दाट झाडी एकेकाळच्या कचऱ्याच्या डोंगरावर वाढली आहे, यावर मुलांचा विश्वास बसेना. माटुंग्याच्या पाच बागांमध्ये तर पाहण्यासारखे काहीच नव्हते, आणि तिथेच ती सर्वाधिक रमली.

मग राणीच्या बागेची पाळी आली. १८६२ साली उघडलेल्या या बागेचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण गिरणगावातल्या तीन-चार पिढ्यांनी तिला राणीची बागच म्हटले. विंदांच्या १९६१ सालच्या बालकवितासंग्रहाचेही तेच नाव आहे. आमच्या लहानपणी आमचे आईवडील आम्हांला तिथे नेत ते इतक्या सहजपणे, की त्या जाण्याला 'सहल' म्हणण्याचेही कुणाला सुचत नसे. मोठ्यांना पाच रुपये आणि मुलांना दोन, हा दर तर आमची मुले जन्मली तेव्हाही होता. २०१६ साली पेंग्विन आले आणि २०१७ साली दर बदलले : मोठ्यांना पन्नास, मुलांना पंचवीस, आणि आईवडील व दोन मुले अशा कुटुंबाला मिळून शंभर. म्हणजे कुटुंब चौघांचे असते, हेही त्या दरपत्रकाने ठरवून टाकले.

त्या दिवशी आम्ही पाच जण होतो. धाकटीचा एक मित्र बरोबर होता. आमच्या इमारतीच्या वॉचमनचा मुलगा, तिच्याच वयाचा. त्याला घेऊन चला हा तिचा हट्ट. आम्हीही तो आनंदाने मानला, आणि खोटे कशाला बोला, आपल्या उदारपणावर थोडे खूषही झालो. खिडकीपाशी पोचल्यावर आमच्यापैकी एकजण म्हणाला, "एक फॅमिली आणि एक एक्स्ट्रा."

खिडकीतल्या माणसाला त्यात काहीच वावगे वाटले नाही. व्यवहाराच्या दृष्टीने वाक्य बिनचूक होते. पण मागून शर्टाला ओढ बसली. तो मुलगा खिशातून चार घड्या घातलेली पन्नासाची नोट काढून पुढे करत होता. "काकू, हे माझं. आईने दिलंय." आणि धाकटीने विचारले, "तो एक्स्ट्रा का?"

नोट आम्ही परत त्याच्या खिशात घातली. धाकटीला काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, यावरून ते कसे असेल याची कल्पना यावी.

आत गेल्यावर पेंग्विनच्या काचेपुढे बरीच गर्दी होती. मुले पाच मिनिटांत तिथून बाहेर पडली. त्यांना सापडले ते कैलासपतीचे झाड. खोडालाच लगडलेली फुले, आणि तोफेच्या गोळ्यासारखी फळे. त्यातले एक फुटून पडले होते, त्याचा वास भयंकर होता, आणि तो पुन्हापुन्हा घेण्यात तिघांनाही अपरंपार आनंद होता. गोरखचिंचेच्या बुंध्याला आम्ही पाचांनी हात धरून वेढा घालू पाहिला. तो पुरा होईना. शेजारी नातवाला घेऊन आलेले एक आजोबा न बोलावता येऊन उभे राहिले, तेव्हा कुठे जमले. बाहेर पडताना संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती पाहिला. ज्याच्यावरून घारापुरीला एलिफंटा हे नाव पडले तोच हा. इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो कोसळला, त्याचे तुकडे झाले, आणि ते पुढे जोडून त्याला इथे उभे केले. धाकटीचा मित्र त्याच्यापुढे सर्वांत जास्त वेळ थांबला. सांधे कुठे आहेत ते शोधत होता.

'सार्वजनिक' हा शब्द आम्ही वर्गात किती वेळा उच्चारतो! सार्वजनिक अवकाश, सार्वजनिक चर्चाविश्व. त्यावर टिपणे काढतो, प्रबंधही तपासतो. त्यातला 'सर्व' ऐकायचे मात्र राहून जाते. बागेचा दर का वाढला याची कारणे असतील. जनावरे पोसायला पैसा लागतो, झाडे राखायलाही लागतो. त्या झाडांसाठी २००७ पासून झटणाऱ्या नागरिकांचे ऋण तर मोठेच आहे. आमची तक्रार दरपत्रकाबद्दल तेवढी नाही. दरपत्रकाने चौघांचा हिशेब मांडला हे खरे, पण पाचव्या मुलासाठी शब्द आम्ही निवडला. तो कुठल्याही फलकावर लिहिलेला नव्हता. तो आमच्याच तोंडात तयार होता, आणि एका पगारावर सुटी काढणाऱ्या, स्वतःच तासिकेपुरते मोजल्या जाणाऱ्या माणसांच्या तोंडात होता, हे अधिक लाजिरवाणे. वर्षभर जिला कॉलेजात 'कायम' आणि 'तासिकावाले' या भेदाने बोचत असते, तिनेच रांगेत उभे राहून एका मुलाला तोच भेद शिकवावा!

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर आम्ही पुन्हा गेलो. मुद्दाम गेलो. या वेळी खिडकीपाशी म्हटले, "पाच जण आहोत. दोन मोठे, तीन मुलं." त्या माणसाने मान वर न करता सवलतीचा हिशेब लावला आणि सव्वाशेच रुपये घेतले. पैसे तितकेच, वाक्य वेगळे. एवढ्याने काही सुधारते असा आमचा भ्रम नाही. त्या मुलाच्या खिशात त्याही दिवशी घडी घातलेली नोट होतीच. ती त्याने काढली नाही, पण खिशावरचा हातही काढला नाही.

असो. ज्यांना मुलांना घेऊन जायचे असेल त्यांनी जरूर जावे, आणि शेजारचे एखादे मूल बरोबर न्यावे. बुधवारी बाग बंद असते.